उजवी बाही

शर्ट बादलीतून वर उचलला आणि माझा हात तिथंच थांबला. उजव्या बाहीवर, खांद्याच्या जरा खाली, दोन खुणा होत्या. एकीखाली एक, टोकं खाली केलेल्या. बाकीचा सगळा शर्ट उन्हानं विटून वाळल्या गवतासारखा झालेला, आणि तेवढ्या दोन पट्ट्या मात्र गर्द हिरव्या, जशा काही आजच रंगवल्यात. पौषातलं कोवळं ऊन परसात पसरलं होतं. बाहीतून पाणी गळत होतं आणि त्या खुणा आणखी हिरव्या होत चालल्या होत्या. बघता बघता मला गुंगीच आल्यासारखं झालं.

"आत्याबाई, ह्यांनी फिती आधीच उसवून आणल्यात, बघा."

आत्याबाई म्हणजे माझ्या मामंजींची धाकटी बहीण. लहानपणीच कपाळ पुसून माहेरी परतलेली. ह्यांची आई गेल्यावर तिनंच ह्यांना मोठं केलं. ती सुपात गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उसवल्या आसत्याल. उद्या पालखी न्हाई का?"

आमचं हिंगणदरी गाव पलटणीचं. घर तिथं शिपाई. पौषात भैरोबाची जत्रा भरते तेव्हा ज्याला जमेल तो सुट्टी काढून येतो आणि येताना वर्दीचा जोड बरोबर आणतो, कारण पालखीला खांदा वर्दीतच द्यायचा. पुढच्या दांडीला फीतवाले, मागच्या दांडीला साधे शिपाई. आदल्या दिवशी घरोघरी वर्द्या धुतात. बाहीवरच्या फिती उसवायच्या, शर्टाला खळ द्यायची, इस्त्री फिरवायची आणि नव्या दोऱ्यानं फिती परत बसवायच्या. हे शिवायचं काम घरच्या बाईनंच करायचं. शिंप्याकडं नेलं तर गाव हसतं.

आता फीत म्हणजे काय तेही सांगावं लागतं म्हणा. बाहीवरची हुद्द्याची पट्टी, नायकाला दोन आणि हवालदाराला तीन. माझी नात पुण्याहून येते, तिच्या कुर्त्यावर खालीवर अशीच नक्षी असते. "आज्जी, ह्याला शेवरॉन म्हणतात," असं मला शिकवते. तिच्या घरच्या फरशीला तेच, सोफ्याच्या उशीला तेच. म्हणू दे बाई. मला ते कुठंही दिसलं तरी ती ओली बाही आठवते, आणि मी बोलता बोलता हरवते. पोरांना वाटतं म्हातारी पेंगली.

तर मी ह्यांची पिशवी उलटी केली. साबण, दाढीचं सामान, आत्याबाईंना आणलेली शाल. फितींचा पत्ता नाही.

"विसरले," मी म्हटलं. "फिती बराकीत आणि शर्ट घरात. डोकं तरी आणलं बरोबर, हेच नशीब."

"बापावर न्हाई गेला त्यो," आत्याबाई म्हणाली. "त्येचा बाप झोपंतसुदिक शिस्तीत घोरतुय."

खोटं नव्हतं. माझे मामंजी सुभेदार होऊन घरी आलेले. त्यांच्या अंगणात कोंबड्यासुद्धा रांगेनं जायच्या असं गाव म्हणायचं. माझ्याशी ते सरळ बोलत नसत. जे सांगायचं ते आत्याबाईंना सांगायचे आणि मी ते ऐकायचं. लग्न होऊन आल्यापासून हाच रिवाज होता आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. भीती तेवढी वाटायची. त्यांचा सख्खा भाऊ पलटणीतून पळून आला होता, तर त्याच्याशी त्यांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. तो भाऊ गेला तेव्हा खांदा द्यायला उभे राहिले, पण तोंड बघितलं नाही. हे मला घरात पाऊल टाकल्या टाकल्या शेजारणींनी सांगून ठेवलं होतं.

मामंजींची जुनी लोखंडी ट्रंक माळ्याखाली असायची. मामंजींना भाऊ म्हणणाऱ्या आत्याबाईंनीच सुचवलं, "भाऊच्या फिती हायेत बघ त्यात. लाव त्याच." ट्रंकेत कापूर घातलेल्या कापडात त्या निघाल्या, हवालदाराच्या तीन. मी दोन उसवून घेतल्या. तिसरी परत कापडात गुंडाळताना हसू आलं, की ही पुढच्या साली लागेल. मनानं मी ह्यांना हवालदार करूनही टाकलं होतं.

दुपारी उंबऱ्यात बसून शिवायला घेतलं. बाहीवरच्या त्या हिरव्या खुणा इतक्या नेमक्या होत्या की फीत बरोबर त्यांच्यावर बसली, इकडं नाही की तिकडं नाही. टाका घालता घालता डोळे जड झाले. अजून माझ्यात पूर्ण जीव आला नव्हता. श्रावणात माझं पोटातलं गेलं होतं, पाचव्या महिन्यात, आणि मागून असा ताप चढला की घराचं आढं आणि जमीन एक झाली. तेव्हा हे सुट्टीवर होते.

त्या दिवसांचं मला धड काही आठवत नाही, आणि आठवतं ते सगळं तिरकं. अंगावर आत्याबाईंची वाकळ. तिच्यावर साडीच्या चिंध्यांचे तिकोनी तुकडे, एकात एक अडकत गेलेले. तापात ते तुकडे चालायला लागायचे. खालून वर, खालून वर, मुंग्यांसारखे. मी ओरडायची. मग हे माझा हात धरायचे.

हे पलटणीत मोटार चालवायचे, तिकडं वर, बर्फाच्या डोंगरात. एक दिवस म्हणाले, "त्या मुंग्या न्हाईत, शालन. पाट्या हायेत. आमच्या रस्त्याला प्रत्येक वळणावर आसत्यात. काळ्या-पिवळ्या. नुसतं बाण, बाण, बाण."

"कशाला?"

"धुकं असतं ना. रस्ता दिसत न्हाई, दरी दिसत न्हाई. पाटी तेवढी दिसती. बाण सांगल तिकडं वळायचं."

मग आमचा तो खेळच झाला. डोळे मिटून मी विचारायची, "गाडी कुठवर आली?"

"वळण आलंय. बाण डावीकडं."

"मग वळवा."

"वळवली."

"खाली दरी हाय का?"

"हाय. पन तिकडं बघायचं न्हाई. बाण बघायचं."

असे किती डोंगर आम्ही चढलो कोण जाणे. बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि मला वाटायचं तो बर्फच आहे. मधूनच भान आलं की मला धसका बसायचा. "तुमची सुट्टी संपली असंल. जाणार तुम्ही." तर म्हणायचे, "साहेबानं वाढवून दिलीया. तू झोप." आणि मी झोपायची. ताप उतरला, मी भिंतीला धरून परसापर्यंत चालले, ते त्यांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी गेले.

मी शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि शर्ट खुंटीला टांगला. काय दिसत होता म्हणून सांगू! जुनी असली तरी फीत ती फीत.

दिवस कलताना हे नदीवरून अंघोळ करून आले. डोक्याला पंचा, तोंडावर हसू. खुंटीकडं नजर गेली आणि हसू होतं तिथंच विझलं.

"ह्या कुनी लावल्या?"

"मी. तुम्ही विसरला म्हणून—"

तेवढ्यात मागून मामंजी आले. ते देवळातून पालखी सजवून येत होते. ते खुंटीपाशी थांबले.  मग अंगठ्यानं फितीची कड चाचपली.

"सोने," ते आत्याबाईंना म्हणाले, "ह्या माझ्या हायेत गं."

"व्हय. शालननं लावल्यात."

"टाका चांगला घातलाय." एवढं म्हणून ते ह्यांच्याकडं वळले. "उद्या पुढची दांडी. उजवा खांदा तुझा. मी चौतीस साल खांदा दिला त्या जागंला. समजलं?"

"व्हय, आबा."

मामंजी आत गेले. त्यांना तसं खुश मी कधी बघितलं नव्हतं. हे मात्र शर्टाकडं पाठ करून उभे होते. हळूच म्हणाले, "शालन, माळावर चल जरा."

आम्ही घरामागच्या माळावर जाऊन बसलो. खाली गाव धुरकटलेलं, देवळात कुणीतरी ढोल ताणून बघत होतं. धरणाकडं निघालेली करकोच्यांची एक रांग डोक्यावरून गेली, टोक पुढं काढून, दोन फाटे मागं सोडून. एक जरा मागं पडला की सगळी रांग वाकायची आणि परत सरळ व्हायची. हे त्यांच्याकडं बघत राहिले.

"माझ्या फिती गेल्या," ते म्हणाले.

"गेल्या म्हंजे? हरवल्या?"

"काढून घेतल्या. मी आता साधा शिपाई हाय."

 बाहीवरचा तो गर्द हिरवा रंग डोळ्यांपुढं आला. त्यावरची फीत कुणी तरी ओरबाडून काढली होती, आणि मी वेडी, त्यावर नेमका टाका घालत बसले होते.

"का पण?"

"गाडी ठोकली. वळणावर. सरकारी नुकसान झालं."

"तुम्हाला लागलं न्हाई ना?"

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी काहीतरी भलतंच विचारलं असावं. "न्हाई. मला काय न्हाई लागलं."

"मग जाऊ द्या तिकडं फिती. जीव वाचला ते बघा." खरंच मला तेवढंच वाटलं. मग मात्र मामंजींचा अंगठा आठवला. "अहो, उद्याच्या दिवस घाला तसाच. इथं कोण बघायला येतंय तुमचा साहेब? जत्रा झाली की मी उसवते."

"न मिळालेली फीत लावायची? देवाच्या दांडीला धरून?"

"मग मामंजींना काय सांगणार?"

"तेच कळंना झालंय."

"ते बोलणं टाकतील तुमच्याशी. काकांशी टाकलं तसं. तुम्हाला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. आईविना वाढलेला माणूस तो. त्याला एक बाप होता, आणि तोही असा.

दुसऱ्या दिवशी दुपार टळली. ढोल जवळ यायला लागले. मामंजी कोट घालून, मेडल लावून सोप्यात उभे. मी आरतीचं ताट लावत होते, वाती करत होते. हे आतून आले. पँट वर्दीची, अंगात नुसता बनियन, आणि शर्ट घडी घालून दोन्ही हातांवर.

"आबा, ह्यो मला घालता येनार न्हाई."

"का?"

"माझ्या फिती गेल्या. मी शिपाई हाय."

मामंजी हलले नाहीत. मिशी तेवढी थरथरली. "कशापायी?"

"गाडी ठोकली."

"कुठं?"

"वळणावर."

"कुनी मेलं? कुनी जखमी?"

"न्हाई."

"नशा केली व्हतीस?"

"न्हाई."

"मग खोटं बोलतुयास," मामंजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "उभी हयात पलटणीत काढली म्या. नुसती गाडी ठोकली म्हनून नायकाच्या दोन्ही फिती जात न्हाईत. बापाला सांगतुयास? खरं बोल."

 ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, आणि ती नजर अशी होती की माझ्या हातातली वात खाली पडली.

"सुट्टीवरनं उशिरा गेलो," ते म्हणाले.

"कवा?"

 आत्याबाई चुलीपुढून उठली, पदर सावरत दारात आली आणि म्हणाली, "कवा काय इचारतुयास, भाऊ? श्रावणात. दुसरं कवा?"

"तवा सुट्टी वाढवून मिळाली व्हती," मामंजी म्हणाले.

"न्हवती मिळाली," हे म्हणाले. "तार केली व्हती. उलट जबाब आला, ताबडतोब हजर व्हा. म्या कुनाला दावला न्हाई. हिला ताप व्हता, आबा. डोळं उघडत न्हवती. मी कसा जानार?"

 मी खांब धरला. ते सगळे डोंगर, ती धुक्यातली वळणं, 'वळवली' म्हणणारा तो आवाज. मी उबेत पडून होते आणि हा माणूस माझ्या उशाशी बसून एकेक दिवस आपली बाही रिकामी करत होता. आणि वर मला सांगत होता, साहेबानं वाढवून दिलीया. रडू आलं ते आवरेना. मी पदर तोंडात कोंबला.

मामंजी खाटेवर बसले. मेडलं एकमेकांवर आपटून वाजली. मला वाटलं आता हे तोंड फिरवणार. आता संपलं सगळं.

"सर्जेराव," ते म्हणाले. ढोल वेशीपाशी आले होते. "तुझ्या आईला आसाच ताप व्हता. तू रांगत व्हतास. माझी सुट्टी सरली. ती म्हनली, आजच्या दिस ऱ्हावा. म्या म्हनलं, हुकूम म्हंजी हुकूम. येळेवर गेलो. मी आगगाडीत बसलो आसंन, तवा हिकडं तिचा जीव गेला."

आत्याबाईंनी भिंतीकडं तोंड केलं होतं.

"साहेबानं पाठ थोपटली. म्हनला, जवान असा पायजे. त्या साली मला तिसरी फीत मिळाली." मामंजींनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण पाणी नव्हतं. "म्या आजवर कुनाला सांगितलं न्हाई. येळेवर गेलो, हेच सांगत आलो."

हे शर्ट घेऊन तसेच उभे. बापाला काय म्हणावं, हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

मग मामंजींनी माझ्याकडं बघितलं. सरळ माझ्याकडं. "सूनबाई, कात्री आन. उसव त्या."

मी कात्री आणली. खाटेच्या कडेला टेकायची माझी हिंमत होईना, तर त्यांनीच सरकून जागा केली. शर्ट मांडीवर घेतला आणि बाही दोन्ही हातांनी ताणून धरली, टाके नीट दिसावेत म्हणून. त्यांच्या हातांजवळ माझे हात. मी एकेक टाका तोडत गेले. कालच माझ्या हातानं घातलेले, आणि काय घट्ट घातले होते! एकदा कात्री सटकली आणि त्यांच्या बोटाला लागली. मी हात आखडला. ते म्हणाले, "चालू दे." फिती निघाल्या. खाली ती हिरवी खूण परत दिसायला लागली. मामंजींनी शर्ट झटकला आणि स्वतः लेकाच्या अंगात घातला, लहान पोराला घालतात तसा, एक हात, मग दुसरा.

"मागच्या दांडीला जा," ते म्हणाले. "पाठ ताठ ठेव."

पालखी आमच्या दारात आली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. गुलाल इतका उधळलेला की माणसं दिसत नव्हती, नुसते आकार दिसत होते, आणि भैरोबाचा चांदीचा मुखवटा हवेत तरंगतोय असं वाटत होतं. रिवाजाप्रमाणं मी तांब्या घेऊन खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालत गेले. पुढच्या दांडीचे झाले, मग मागच्या. ह्यांच्या पायांवर पाणी घालताना मान वर करून बघायचं धाडस झालं नाही. पाय तेवढे बघितले. तांब्या रिता झाला तरी मी वाकलेलीच होते. मग आरतीचं ताट घेऊन पालखीपुढं आले.

लोकांच्या लक्षात यायचं राहतंय होय? सुभेदाराचा पोरगा मागच्या दांडीला, आणि बाहीवर नुसती खूण. कुजबूज सुरू झाली. हवालदार होऊन आलेले एक सोमाजीअण्णा होते, मामंजींच्याच वयाचे, जन्मभर त्यांच्याशी चढाओढ केलेले. त्यांना गप्प कसं राहवेल? ढोल थांबायला आणि त्यांनी बोलायला एकच गाठ पडली.

"काय सुभेदार! पोराच्या फिती कुठं गेल्या?"

सगळं गाव आमच्या दाराकडं बघायला लागलं. ह्यांची मान खाली गेली. मी मामंजींकडं बघितलं. मेडल लावून, काठी टेकून, ते ताठ उभे होते.

"कुठं जात्यात?" ते खणखणीत आवाजात म्हणाले. "घरातच हायेत. ती बघ, ताट घेऊन पालखीपुढं उभी हाय."

 आत्याबाईंनी मागून माझ्या पाठीला हात लावून मला पुढं ढकललं, आणि मी देवाला ओवाळायला लागले.